मॉरिसचं डावं दार

गाझियाबाद
१२ नोव्हेंबर १९९५

शिवांगी,

माझं आयुष्य बदललं ते कोजागिरीच्या संध्याकाळी, पावणेआठ वाजता. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच वेळी मसाला दूध माझ्या मनगटावर सांडलं आणि घड्याळ तिथेच थांबलं. अजून पावणेआठच दाखवतंय. दुरुस्त करणार नाही.

आठवतंय ना? दिल्लीत कोपर्निकस मार्गावरचं मराठी मंडळींचं सदन, दुधाची रांग, तू माझ्यापुढे. कुणीही विचारलेलं नसताना मी सांगून टाकलं की मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलंय आणि आता मामांची अडतीस वर्षांची मॉरिस गाडी चालू करणार आहे. हे ऐकून आजवर लोकांनी एकतर उसासा टाकला, नाहीतर माझ्या खांद्यावर हात ठेवला. तू पेला माझ्या हातात दिलास आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "छान. चेष्टा करत राहा."

मी इतका हसलो की दूध सांडलं. चेहऱ्यावरची रेघ न हलवता टोपी उडवणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. त्याच क्षणी वाटलं, हिने आपली जन्मभर टोपी उडवावी.

कॉलेज का सोडलं ते तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. मी काढलेलं पिस्टनचं चित्र सरांनी सगळ्या वर्गाला दाखवलं आणि विचारलं, हा मोदक कोणाचा? मी तो कागद फाडला, चार टोकाचे शब्द बोललो आणि दार उघडं टाकून निघून आलो. आता मी बळवंतमामांकडे असतो. फोनसाठी त्यांचा नंबर प्रतीक्षायादीत सहा वर्षांपासून आहे, म्हणून हे पत्र.

मॉरिस पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. मामांच्या कारखान्याचे जुने साहेब कॅनडाला जाताना ती मामांच्या गळ्यात घालून गेले, तेव्हापासून ती जागची हललेली नाही. मागच्या सीटवर मांजरीचा संसार होता, तो हलवला. कार्ब्युरेटर सुटा करून रॉकेलमध्ये धुतला. त्यासाठी घेतलेली परात वैजयंतीमामींची कणकेची होती, हे चार दिवस सगळ्यांच्या पोळ्यांना कळत होतं. आता परात माझी आणि मामींना नवी. सगळ्यांत वाईट आहे ते डावं पुढचं दार. लागतच नाही. लावलं की आधी ठाण, मग ठक, मग पुन्हा उघडं. सध्या नायलॉनच्या दोरीने बांधलंय.

थंडी संपायच्या आत ही गाडी तुझ्या दारात आणतो. उत्तर पाठव.

लोभ असावा.

सुयश


रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
२१ नोव्हेंबर १९९५

प्रिय सुयश,

तुझं पत्र मिळालं, मला खूप छान लागलं. पाकिटावर लाल शाई बघून घाबरू नको, ती बाबांची आहे. बाबा दुसऱ्याचं पत्र कधी उघडत नाहीत, पण पत्ता तपासतात. तू 'आर. के. पुरम' लिहिलं होतंस, त्यांनी 'रामकृष्णपुरम' केलं आणि पिन कोडच्या खाली रेघ ओढली. ते मंत्रालयात राजभाषा विभागात आहेत ना, घरी पण तसंच चालतं. किराण्याच्या यादीवर सुद्धा ते 'कृपया अवलोकन करावे' लिहितात.

तुझी चेष्टा बघून मला खरंच आनंद होतो. इतकी चेष्टा आजकल कोण करतं? आमच्या इथे सगळे जण नवीन गाडी हप्त्यावर घेतात आणि झालं. तू स्वतःच्या हातांनी करतोस.

मी लवकर उत्तर दिलं नाही कारण मी अत्यंत व्यस्त आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत व्यस्त. माझी शिक्षा मेमध्ये संपेल. बाबांनी स्पष्ट सांगितलंय की शिक्षा पूर्ण होईपर्यंत दुसरं काही नाही, ना फिरणं, ना कुणाला भेटणं. ठीक आहे, त्यांचं बरोबरच आहे.

दाराचं काय झालं ते लिही.

शिवांगी


गाझियाबाद
२८ नोव्हेंबर १९९५

शिवांगी,

तुझं पत्र आल्यापासून दोन दिवस मी नीट जेवलो नाही.

चेष्टेचं राहू दे. तुला माझी चेष्टा बघून आनंद होत असेल तर होऊ दे, तेवढं मी सोसेन. पण शिक्षा? मेपर्यंत? सहा महिने? कशाबद्दल? कोजागिरीला माझ्याशी बोललीस म्हणून? आणि वर तू लिहितेस, त्यांचं बरोबरच आहे. माणसाला किती दाबून ठेवलं म्हणजे तो असं लिहायला लागतो?

आणि 'व्यस्त'. हा शब्द मला गणितातून माहीत आहे, व्यस्त प्रमाणात मी दोनदा नापास झालोय. व्यस्त म्हणजे उलट. सकाळपासून रात्रीपर्यंत तू उलटी असतेस, याचा मी काय अर्थ घ्यायचा? मामींना विचारलं, एखाद्या सरकारी अधिकाऱ्याच्या घरी मुलीला उलटं टांगत असतील का. त्या म्हणाल्या, दिल्लीत काही सांगता येत नाही.

ऐक. मी तुला या शिक्षेतून सोडवणार आहे. मेपर्यंत थांबायची गरज नाही. गाडीचं इंजिन काल पहिल्यांदा खोकललं. दोनदा खोकललं आणि सायलेन्सरमधून मांजरीचं उरलेलं अंथरूण बाहेर आलं. इथे धुकं इतकं दाट आहे की रंगाचा पहिला हात दिला तर त्यावर दुधासारखी पांढरी साय आली. मामा म्हणाले, दमट हवेत रंग असाच रुसतो, सगळा घासून काढ. दोन दिवस घासकागद घेऊन घासला. हाताला साल राहिलेली नाही. एकेका हाताला मी तुझ्या बाबांचं नाव घेत होतो, काम भराभर झालं.

रंग नसला तरी चालेल, दार बांधलेलं असलं तरी चालेल. तू फक्त हो म्हण. मी येतो आणि एका दिवसात तुझी शिक्षा संपवतो.

लोभ असावा.

सुयश


रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
१४ डिसेंबर १९९५

सुयश,

काय तू वेडा आहेस? माझी शिक्षा सोडवणारा तू कोण? स्वतःची शिक्षा अर्धी सोडून मामांकडे जाऊन बसलास, आता माझी पण सोडवणार? मी बी.ए.पर्यंत काय उगाच आले? माझ्यासाठी शिक्षा सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मला आवडते ती.

आणि बाबांचं नाव घेऊन घासलंस, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण शिक्षेचं सांगितलं. तेव्हापासून बाबांना आपत्ती आहे. अशी तशी नाही, घोर आपत्ती. आई गेल्यानंतर मी त्यांना असं कधी बघितलं नाही.

एक गोष्ट अजून. शेजारच्या ब्लॉकमधला साकेत दिवाळीत नवी गाडी घेऊन आला होता. बटण दाबलं की काच आपोआप खाली जाते. मी फक्त बघितली, बसले पण नाही. हे तुला कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण दोन्ही पत्रांच्या शेवटी तू मला जे बोललास ते मी समजले. मला कसला लोभ नाही. ना साकेतच्या गाडीचा, ना तुझ्या. दुसऱ्याला लोभी म्हणण्याआधी विचार करायचा असतो.

शिवांगी


रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
२ जानेवारी १९९६

विषय : दिनांक २४ डिसेंबर रोजीचे आपले आगमन

चि. सुयश यांस,
अ. उ. आ.

उपरोक्त विषयी लिहायला उशीर झाला, कारण आमचं हसू आटोक्यात यायला आठवडा गेला.

त्या रविवारी सकाळी दहा चाळीसला मी गॅलरीत दाढी करीत होतो. धुक्यातून एक गाडी आली. तिला अर्धाच रंग होता आणि तिचं डावं दार दोरीने बांधलेलं होतं. त्यातून आपण उजवीकडून उतरलात आणि दोन जिने धावत चढून आलात. आपल्याजवळ एक रजई, आयोडिनची बाटली, मेणबत्त्यांचा पुडा आणि थर्मासमध्ये मऊ भात होता. मला साबणासकट खुर्चीत बसवून आपण माझी नाडी पाहिलीत. मी विचारलं, "काय झालंय?" आपण म्हणालात, "तेच तुमच्या तोंडून ऐकायला आलोय, काका. आपत्ती कुठे आहे?"

शिवांगी आतून आली, आपल्याला डोकं वर, पाय खाली अशी उभी दिसली, आणि आपण तिला म्हणालात, "तुला सरळ केलं वाटतं." एवढं बोलून, तिने तोंड फिरवल्यावर, आपण आल्या पावली निघून गेलात. मला एक शब्द बोलायला मिळाला नाही. तो आता लिहितो.

माझं जन्मगाव मिरज. पण तीस वर्षं हिंदी टिपणं लिहून माझ्या घरातल्या मराठीत परकी माणसं नातलग होऊन राहिली आहेत. मुलीचं मराठी मी ऐकतो, पण तिची चूक माझ्या कानाला आता चूक वाटत नाही, हा दोष माझा. आपल्या पत्रांतले काही शब्द तिने मला सांगितले, तर कृपया नोंद घ्यावी. तिची चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट. ती कोजागिरीला आपली थट्टा करत नव्हती, आपल्याला हुरूप देत होती. ती व्यस्त आहे म्हणजे कामात आहे, कुणी तिला टांगलेलं नाही. तिची शिक्षा म्हणजे शिक्षण. आणि माझी आपत्ती म्हणजे हरकत. संकट माझ्यावर आलेलं नव्हतं, आपण आलात तेव्हा आलं.

मऊ भात चांगला होता. थर्मास आमच्याकडे आहे.

आता दाराविषयी. आपण गेलात तेव्हा आमच्या घराचं दार उघडं राहिलं. गाडीचं दार तर लागतच नाही. वर्गाचंही दार उघडं टाकून आपण आलात असं शिवांगीकडून कळलं. एक दार योगायोग, दोन दारं घाई, तीन दारं म्हणजे सवय. माझी हरकत एवढीच आहे, आणि ती मराठीत आहे.

ज्या दिवशी ते डावं दार एका खेपेत लागेल, त्या दिवशी गाडी घेऊन या. मी गॅलरीत असेन. एक आवाज आला तर चहाला वर या. दोन आले तर परत जा आणि पुन्हा खटपट करा. शिवांगी खाली येईल की नाही हे तिचं ती ठरवील. ती अद्याप रागावलेली आहे, कशावरून ते मला सांगत नाही आणि मी पत्रं उघडत नाही.

आपला,
दीनानाथ


गाझियाबाद
९ जानेवारी १९९६

शिवांगी,

तुझ्या बाबांचं पत्र वाचून मी मॉरिसच्या खाली जाऊन झोपलो. मामींनी दोनदा हाक मारली. मामांनी पत्र माझ्या हातातून ओढून वाचलं आणि हसता हसता त्यांचं डोकं बंपरला लागलं. ते या भागात सव्वीस वर्षं आहेत, रोज हिंदी पेपर वाचतात. मी एकदा विचारलं असतं तर त्यांनी सगळं सांगितलं असतं. मी मामींना विचारलं, आणि त्या मामांचा पेपर फक्त फळ्यांवर घालायला वापरतात. मला इथलं बाजारातलं हिंदी येतं. बाजारात कुणी आपत्ती म्हणत नाही, हाणतात.

मी चुकलो. हे वाक्य मी याआधी कुणाला लिहिलेलं नाही, त्यामुळे ते कसं दिसतं ते बघून घे.

म्हणजे कोजागिरीला तू माझी टोपी उडवत नव्हतीस. प्रयत्न करत राहा म्हणत होतीस. मी ज्या गोष्टीवर भाळलो ती घडलीच नव्हती, हे कळल्यावर मी रात्रभर विचार केला. सकाळी कळलं की जे घडलं ते जास्त चांगलं होतं. थट्टा करणारे मला शंभर भेटलेत.

दाराची बिजागरी झिजली आहे, म्हणून दार खाली लोंबतं. मामांची रीत अशी की दाराखाली फळी आणि जॅक लावून ते केसभर उचलायचं, मग बिजागरीमागे पातळ चकत्या सरकवायच्या. त्या मी तुपाच्या डब्याच्या पत्र्याच्या कापल्या. एक घातली तर ठाण-ठक. तीन घातल्या तर दार लागतं, पण मग उघडत नाही. काल गाडीची उजवी बाजू भिंतीला लागून होती, म्हणून मी आत अडकलो होतो. मामींनी चहा खिडकीतून दिला.

तू अजून कशावर रागावलीस ते मला कळत नाही. सांगशील?

लोभ असावा.

सुयश


रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
१७ जानेवारी १९९६

सुयश,

परत तेच? क्षमा मागून झाली, चकत्यांचं झालं, आणि शेवटी परत 'लोभ असावा'? मी तीळगूळ पाठवणार होते. नाही पाठवत. बाकी सगळे शब्द माझे चुकीचे होते, मान्य. हा तर तुझा शब्द आहे ना?

शिवांगी


गाझियाबाद
२२ जानेवारी १९९६

शिवांगी,

अच्छा. हे होतं होय.

तुमच्या लोभाचा अर्थ हाव, हे मला आज मामांनी सांगितलं. या वेळी मी आधी विचारलं.

आमच्याकडे पत्र असंच संपतं. माझे वडील विमा एजंटाला लिहितात तेव्हाही शेवटी 'लोभ असावा' लिहितात. मीसुद्धा सवयीनेच लिहीत होतो, स्टॅम्प लावतात तसं. तू रागावलीस म्हणून पहिल्यांदा त्या शब्दाकडे नीट बघितलं. त्यात कुणी कुणाला लोभी म्हणत नाही. समोरच्या माणसाने आपल्याबद्दल थोडी ओढ ठेवावी, तसं काही कारण नसलं तरी ठेवावी, एवढंच त्यात मागितलेलं असतं. म्हणून 'असावा'. 'आहे' असं आपल्या मनाने लिहून चालत नाही. ते दुसऱ्याने लिहायचं असतं.

मी अर्ध्यात कॉलेज सोडलेला, रॉकेलचा वास येणारा, तुझ्या वडिलांची नाडी बघणारा माणूस आहे. माझ्या गाडीची काच बटणाने खाली जात नाही, ती आपोआपच खाली जाते आणि मग वर येत नाही. तेव्हा कारण काही नाहीच. मी मागतोय.

चकत्या दोन घातल्या. ठाण गेलं, पण ठक होऊन दार पुन्हा उघडतंच.

या वेळी शेवटची ओळ लिहीत नाही. तुला माहीत आहे.

सुयश


(पोस्टकार्ड)

रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
३ फेब्रुवारी १९९६

लोभ आहे.

शिवांगी


तुझ्या ब्लॉकखाली
११ फेब्रुवारी १९९६, रविवार

शिवांगी,

हे पत्र मी गाडीत बसून लिहितोय, आणि पोस्टात टाकणार नाही, स्वतः घेऊन येतोय. वर बोलावणं आलं तर हातात देईन. नाही आलं तर तुमच्या पत्रांच्या पेटीत टाकेन. पाकिटावर 'रामकृष्णपुरम' लिहिलंय, पिन कोडखाली रेघसुद्धा मीच ओढली आहे.

तुझं कार्ड मामा, मामी आणि पोस्टमन असं सगळ्यांनी वाचलं. पोस्टमन म्हणाला, भैया, मराठी में लालच की चिट्ठी आई है. मी त्याला चहा पाजला आणि समजावून सांगितलं. कार्डावर पत्त्यात दोन ठिकाणी लाल शाई आहे. 'गाझियाबाद'मधल्या झचा ज करून त्याखाली हिंदीतला नुक्ता, म्हणजे टिंब, दिलाय आणि पिन कोडखाली रेघ ओढली आहे. मजकुराला मात्र हात लावलेला नाही. मी कार्ड उजेडात धरून तीनदा बघितलं. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला त्या दोन शब्दांत दुरुस्ती सुचली नाही, ही गोष्ट मी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे.

एक गोष्ट सांगितली नव्हती. गेल्या सोमवारी मी कॉलेजात जाऊन आलो. तेच सर, तीच खोली. मी म्हणालो, सर, तो मोदक माझा होता. त्यांनी फॉर्म पुढे केला. जुलैपासून तिसरं वर्ष पहिल्यापासून. म्हणजे माझी पण शिक्षा सुरू, दोन्ही भाषांत. सही केली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. ते सरकारी दार आहे, पहिल्याच खेपेला लागलं. त्यात माझं काही नाही.

गाडीला रंग लागला. ऊन पडायला लागल्यापासून तो रुसत नाही. हिरवा आहे, मामींच्या मते पालकाचा, माझ्या मते नाही. आत घडी घातलेली रजई आहे, ती या वेळी फक्त सीटच्या स्प्रिंगांसाठी.

आणि दार. काल मामा खुर्ची टाकून बसले आणि मी ते चाळीस वेळा लावलं. सदतीस वेळा एक आवाज. तीन वेळा मागून ठक आलंच. मामा म्हणाले, आणखी आठवडाभर थांब. मी थांबलो नाही, हे तुला सांगायला नको. पण सकाळी निघताना बिजागरीमागे अर्धी चकती अजून सरकवली. ती तुझ्या पोस्टकार्डाच्या कोपऱ्याची आहे, मजकूर नसलेल्या. पत्र्यापेक्षा कागद नेमका बसला. रस्ताभर दार हललं नाही, पण रस्ताभर मी ते उघडलंही नाही. आज मी डावीकडूनच उतरणार. मुद्दाम सरकून बसलोय, गिअरची दांडी बरगडीत लागते आहे.

तुझे बाबा वर गॅलरीत आले आहेत. मफलर गुंडाळलाय, कानांवरून मात्र बाजूला केलाय. हातात माझा थर्मास आहे. तुझी खिडकी बंद आहे, पण पडदा एवढ्यात हलला, किंवा मला तसं वाटलं.

सात पावलांवर तुमचा जिना आहे. माझ्या घड्याळात पावणेआठ वाजलेत.

पेनला टोपण लावतो, पत्र खिशात ठेवतो, उतरतो, आणि दार लावतो.